बासुंदीचा रंग आणि मानेवरचा 'मळ'

बासुंदी आटवताना केशर घालायच्या आधीच दुधाचा रंग बदलतो. तासाभरापूर्वी पांढरंशुभ्र असलेलं दूध हळूहळू गुलाबीसर होतं, आणि कढई उतरवायला उशीर झाला तर बदामी. साताऱ्याचा कंदी पेढा याच वाटेनं आणखी चार पावलं पुढे गेलेला असतो. वरून रंग कुणी घातलेला नसतो. दुधातली साखर आणि दुधातली प्रथिनं आचेवर एकमेकांना धरतात आणि त्यांच्यातून तपकिरी रंगाची, खमंग वासाची नवीच संयुगं तयार होतात. भाकरीवरचे डाग, पावाची लालसर पाठ, खरपूस परतलेला कांदा ही सगळी त्याच कुळातली. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली हे लिहून ठेवलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात.

स्वयंपाकघरात हवीहवीशी वाटणारी ही गोष्ट आपल्या कातडीखालीही चालू असते. तिथे आच नाही, फक्त ३७ अंशांची ऊब आहे, त्यामुळे तासाभराच्या कामाला वर्षं लागतात. पण साखर आहे, प्रथिनं आहेत आणि वेळ भरपूर आहे.

'गोड फार खाऊ नकोस, तोंडावर फोड येतील' हे वाक्य ऐकत आपण मोठे होतो. या एका वाक्यात खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली आहे. एक फार सावकाश होते, वर्षानुवर्षं. दुसरी काही आठवड्यांत दिसते. आणि तिसरी दिसत असते, पण आपण तिला मळ समजून घासत बसतो. माझ्या मते काळजी करायची ती या तिसरीची. पण क्रमानं जाऊ.

आधी सावकाश चालणारी. मधुमेहाची 'तीन महिन्यांची सरासरी' सांगणारी एचबीए१सी ही तपासणी घरोघरी ठाऊक झाली आहे. ती मोजते तरी काय? रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली आहे ते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्या आजूबाजूला जितकी साखर फिरली, त्या प्रमाणात तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर साखरेचं पुट चढतं. मग पेशी मरते, नवी येते, पाटी कोरी होते. हे चिकटणं प्रत्येकाच्या अंगात होतं, मधुमेह नसला तरी. म्हणून निरोगी माणसाचा आकडाही शून्य नसतो, पाच-साडेपाच टक्के असतो.

आता हेच त्वचेत पाहू. त्वचेला ताण आणि बळकटी देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याची पाटी मात्र १२० दिवसांत कोरी होत नाही. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला साधारण १५ वर्षं लागतात. म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या गालात पंचविशीत विणलेले धागे अजून कामावर असतात, आणि त्या १५ वर्षांतला प्रत्येक चहा, प्रत्येक लग्नातली जिलबी त्यांच्या अंगावरून गेलेली असते.

सुरुवातीला साखरेचा रेणू प्रथिनाला नुसता टेकतो. ही पकड सुटूही शकते. पुढे ती घट्ट होते, आणि काही महिन्यांनी-वर्षांनी त्यातून असे पदार्थ बनतात की ते पुन्हा मोडत नाहीत. त्यांना अॅडव्हान्स्ड ग्लायकेशन एंड प्रॉडक्ट्स असं लांबलचक नाव आहे आणि त्याची आद्याक्षरं जुळवली की 'एज', म्हणजे वय, असा शब्द होतो. नाव ठेवणाऱ्यांनी हा श्लेष मुद्दाम साधला असावा. हे पदार्थ कोलॅजेनच्या शेजारशेजारच्या धाग्यांमध्ये पूल बांधतात. चिक्की करताना पाक सुती दोऱ्यावर सांडला आणि वाळला तर काय होतं, ते आठवा. दोरा तुटलेला नसतो, उलट कडक झालेला असतो. पण वाकवला की मोडतो, आणि शेजारचा दोरा त्याला चिकटलेला असल्यामुळे दोघांनाही सरकता येत नाही. त्वचेची लवचिकता म्हणजे शेवटी या धाग्यांचं एकमेकांवरून सरकणं आणि पुन्हा जागेवर येणं. शिवाय जुनं कोलॅजेन कापून काढणारी जी विकरं शरीरात असतात, त्यांना हे पुलांनी बांधलेले धागे धड कापता येत नाहीत. जुनं निघत नाही, मग नव्याला जागा कुठून मिळणार?

हे पदार्थ पिवळट-तपकिरी असतात आणि अतिनील प्रकाशात मंद चमकतात. या चमकेवरून त्वचेत ते किती साठलेत हे मोजणारं यंत्रही आहे. हात त्यावर ठेवायचा, आकडा येतो. मात्र गडद वर्णाच्या त्वचेत हा प्रकाश शोषला जातो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. तेव्हा एखाद्या चकचकीत ब्यूटी क्लिनिकमध्ये 'तुमच्या त्वचेचं वय' असं काही मोजून द्यायला लागले, तर आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी ते फार मनावर घेऊ नये.

आता हे सगळं रसायन चेहऱ्यावर खरोखर दिसतं का? सगळ्यात पक्का पुरावा मधुमेहाच्या रुग्णांकडून येतो, आणि तो पाहायला यंत्र लागत नाही, नमस्कार पुरतो. अनेक वर्षं मधुमेह असलेल्या काही जणांना दोन्ही तळवे जोडले की बोटं एकमेकांना पूर्ण टेकवता येत नाहीत, मध्ये फट राहते. हाताची कातडी जाडसर, मेणचट होते आणि सांध्यांभोवतीच्या ऊती आखडतात. डॉक्टर या खुणेला 'प्रेयर साइन' म्हणतात. आपल्याकडे तिला सरळ नमस्काराची खूण म्हणायला हरकत नव्हती. चिक्कीच्या पाकातला दोरा तो हाच.

मधुमेह नसलेल्यांचं काय? नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या एका अभ्यासात सहाशेच्या वर मध्यमवयीन लोकांचे फोटो परक्या माणसांना दाखवून 'यांचं वय किती वाटतं' असं विचारलं होतं. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तातली साखर जास्त, ते खऱ्या वयापेक्षा थोडे मोठे दिसले. एक डेसिलिटर रक्तामागे साखरेत दर १८ मिलिग्रॅमची वाढ म्हणजे दिसण्यात सुमारे पाच महिन्यांची भर. पाच महिने! वाचून हसू येईल, आणि यायलाच हवं. परिणाम आहे, पण तो जाहिरातींत रंगवतात तेवढा भयंकर नाही. शिवाय हा रक्तातल्या साखरेचा अभ्यास आहे, ताटातल्या साखरेचा नव्हे. रोज चार लाडू खाल्ले म्हणून अमुक सुरकुत्या पडल्या असं थेट दाखवणं फार अवघड, कारण त्यासाठी माणसांना १५ वर्षं लाडवांवर ठेवावं लागेल.

उन्हापुढे तर साखर किरकोळ आहे. आपण चहात घालतो ती साखर ज्यांच्या कोयत्यामुळे कारखान्यापर्यंत पोचते, त्या ऊसतोड बाईच्या चेहऱ्यावर तिशी-पस्तिशीतच रेषा उमटलेल्या असतात. तिच्या वाट्याला श्रीखंड किती येत असेल? त्या रेषा उन्हाच्या. ऊन आणि तंबाखूचा धूर या दोन्ही गोष्टी साखरेच्या त्या पुलांच्या कामालाही हातभार लावतात, म्हणून गोड सोडून भर दुपारी उघड्या डोक्यानं फिरणाऱ्यानं त्वचेसाठी फारसं काही मिळवलेलं नसतं.

१९९१ सालचा मधुमेहींवरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. रुग्णांची साखर चार महिने काटेकोर ताब्यात ठेवली आणि त्वचेचे नमुने तपासले. कोलॅजेनला नुसती टेकलेली साखर कमी झाली होती. पक्के झालेले पूल मात्र होते तिथेच होते. म्हणजे झालेलं पुसता येत नाही, पुढचं थोपवता येतं. 'ग्लायकेशन', म्हणजे साखरेचं हे चिकटणं, 'उलटवणारं' क्रीम विकायला कुणी आलं की ही गोष्ट आठवा.

आता पुरळ, म्हणजे तारुण्यपीटिका. इथे साखर प्रथिनाला चिकटत नाही, इथे काम करतं ते इन्सुलिन. रक्तात साखर भसकन वाढली की इन्सुलिनही भसकन वाढतं. त्याच्या जोडीला आयजीएफ-१ हे पेशींना वाढायला लावणारं संप्रेरक जोर धरतं. दोघं मिळून त्वचेतल्या तेलग्रंथींना जास्त तेल करायला लावतात, रोमछिद्राच्या तोंडाशी पेशी भराभर वाढवतात, आणि पुरुषी संप्रेरकांनाही मोकळं रान देतात. तेल जास्त, तोंड बंद, आत जीवाणू, म्हणजे फोड.

पण डॉक्टर तर कित्येक वर्षं सांगत होते की खाण्याचा आणि पुरळांचा काही संबंध नाही. त्यामागे १९६९ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग होता. ६५ जणांपैकी काहींना रोज चॉकलेटचा बार दिला, काहींना चॉकलेट नसलेला, आणि नंतर अदलाबदल केली. पुरळांत फरक पडला नाही. झालं, निकाल लागला. गंमत अशी की चॉकलेट नसलेल्या बारमध्येही साखर आणि तूप-तेल जवळपास तेवढंच होतं! गुळाच्या पोळीची तुलना पुरणपोळीशी करून 'गोडानं काही होत नाही' म्हणण्यासारखं हे झालं. तरी त्या निष्कर्षानं तीनेक दशकं राज्य केलं.

२००२ साली पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरचा एक अभ्यास आला. तिथल्या १२०० लोकांची तपासणी केली, त्यांत १५ ते २५ वयाची ३०० मुलंमुली होती, आणि पुरळ एकाच्याही तोंडावर सापडलं नाही. खाणं कंदमुळं, फळं, नारळ, मासे. आता बेटावर साखरेखेरीजही पुष्कळ गोष्टी नसतात, त्यामुळे यावरून एकदम उडी मारू नये. पण २००७ साली ऑस्ट्रेलियात पुरळ असलेल्या ४३ तरुणांवर रीतसर प्रयोग झाला. निम्म्यांना बारा आठवडे असं खाणं दिलं की रक्तातली साखर सावकाश चढावी. त्यांचे फोड सरासरी तेवीस-चोवीसनं कमी झाले, दुसऱ्या गटाचे बारानं. पूर्ण गेले नाहीत, पण फरक स्पष्ट होता.

इथे आपल्या घरातला एक घोळ सांगायला हवा. 'मी गोड खातच नाही' म्हणणारी मुलगी दोन वेळा मैद्याचा पाव, उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी शेवपुरी खात असते. रक्ताला चव कळत नाही. साखर किती वेगानं चढते हे मोजणारा एक निर्देशांक आहे, त्यात शुद्ध ग्लुकोजला १०० धरतात. आपली साधी साखर ६५च्या आसपास येते आणि पांढरा पाव ७५च्या. साबुदाणा म्हणजे तर नुसतं पिठूळ. त्यात शेंगदाण्याचं कूट पडतं म्हणून निदान वेग जरा मंदावतो. आणि जिमला जाणाऱ्या मुलांच्या खांद्या-पाठीवर अचानक फोड उठले, तर त्यांच्या व्हे प्रोटीनच्या डब्याकडेही एकदा पाहावं. दुधातलं हे प्रथिन गोड नसूनही इन्सुलिन चांगलंच वाढवतं.

तरी पुरळ निव्वळ खाण्यानं येतं असं समजून पोरांना टोचू नका. आईवडिलांकडून आलेला वारसा आणि वय यांचा वाटा मोठा असतो. तेच जेवण जेवून एका बहिणीचा चेहरा नितळ राहतो आणि दुसरीचा नाही.

आता मानेबद्दल. मी नववीत होते तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटे आत्यानं माझी मान उटण्यानं इतकी घासली की ती दोन दिवस चुरचुरत होती. 'किती गं मळ साचलाय, रोज आंघोळ करतेस की नुसतं पाणी ओततेस?' मळ निघेना. मग लिंबू आलं, मग डाळीचं पीठ आणि साय, मग आईनं हळूच भांड्यांच्या घासणीसारखी एक जाळी आणली. काही उपयोग झाला नाही, कारण तो मळ नव्हताच.

मानेच्या मागे आणि बाजूंना, काखेत, कधी कोपरांच्या आत, जांघेत त्वचा काळपट, जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागते. तिला अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. जोडीला मानेवर बारीक लोंबत्या चामखिळी येतात. होतं काय, तर स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड त्याच कामासाठी दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडतं. साखर ताब्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो, सगळे निर्धास्त. पण त्वचेच्या पेशी बहिऱ्या झालेल्या नसतात. एवढं जास्तीचं इन्सुलिन त्यांच्यावरच्या आयजीएफ-१च्या कुलपांत जाऊन बसतं आणि त्यांना 'वाढा' असा हुकूम देतं. त्या वाढतात, थरावर थर चढतात, घड्या पडतात. काळेपणा दिसतो तो मुख्यतः या जाडीमुळे आणि घड्यांमुळे. म्हणून घासून तो जात नाही, उलट घासण्यानं त्वचा आणखी जाड होते.

माझं म्हणणं असं की काळी मान ही बहुतेकदा मधुमेहाच्या कितीतरी वर्षं आधी आलेली चिठ्ठी असते, आणि आपण ती साबणानं धुवायला बघतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या अनेकांना दुसरं काहीच जाणवत नाही. ना तहान, ना थकवा.

'पण ती तर बारीक आहे' हा नेहमीचा आक्षेप. त्याला पुण्यातूनच उत्तर मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली आपला दोघांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा भारतीय बांधा. इन्सुलिनला दाद न देण्याची सुरुवात अशा बांध्यात कमी वजनावरच होते. तेव्हा काट्यावरचा आकडा बघून मानेकडे दुर्लक्ष करू नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक धागा. मान काळी, जबड्याच्या कडेनं हट्टी फोड, हनुवटीवर राठ केस आणि पाळी पुढे-मागे, अशी चौकडी एकत्र दिसली तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्यावी. तिथेही जास्तीचं इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं जास्त करायला लावत असतं. अशा मुलीला फेशियलची नाही, डॉक्टरची गरज असते. आणि एक दुर्मीळ पण महत्त्वाची गोष्ट: उतारवयात हा काळेपणा अचानक आणि वेगानं पसरला, वजनही घटत असेल, तर ताबडतोब दाखवावं, कारण क्वचित ती पोटातल्या कर्करोगाची खूण असते.

मधुमेह झाल्यानंतरच्या त्वचेबद्दल आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. चरकसंहितेत प्रमेहामुळे उठणाऱ्या सात प्रकारच्या पिटिका, म्हणजे गळवं, सांगितली आहेत. आज सांगायचं तर साखर वाढली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि जंतूंना, विशेषतः बुरशीला, बरकत येते. वारंवार गळवं, जांघेतली किंवा लघवीच्या जागची न थांबणारी खाज, पायाची न भरणारी जखम ही कधीकधी मधुमेहाची पहिली ओळख असते. खाजेचं मलम लाजत लाजत मेडिकलमधून परस्पर आणणाऱ्यांनी एकदा साखर तपासावी.

मग साखर खायची किती? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. २५ ग्रॅम म्हणजे पाच-सहा चमचे. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे हा हिशोब आपल्याकडे साध्या माणसाचा समजला जातो, आणि तो तिथेच आठ चमच्यांवर गेला. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास साखर असते. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालायची पद्धत आहे, म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ती चाळीस-पन्नास ग्रॅम. पण श्रीखंड पाडव्याला होतं, चहा रोज. मला सणाच्या ताटावर राग काढणारे सल्ले म्हणूनच पटत नाहीत.

'आम्ही साखर सोडली, आता गूळच' असं अभिमानानं सांगणारे भेटतात. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात आणि चव तर असतेच, पण त्यातला बहुतेक भाग साखरच असतो. मध म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. कोलॅजेनला आणि इन्सुलिनला कोल्हापुरी गूळ आणि कारखान्याची साखर यांतला फरक कळत नाही. फळं मात्र या यादीत ओढू नका. त्यांतली साखर चोथ्यासकट, सावकाश जाते. रस काढून गाळला की ती सवलत संपली.

आणि भाकरीच्या डागांतून, कंदी पेढ्यातून ते तपकिरी पदार्थ आयतेच पोटात जातात त्याचं काय? त्यांतला साधारण दहावा हिस्साच रक्तात उतरतो आणि त्यातलाही काही भाग मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भाकरी निवांत खरपूस भाजा.

खाणं बदललं, चालणं वाढवलं, गरज असेल तिथे वजन पाच-दहा किलोनं उतरलं, की पुरळांत फरक दोन-तीन महिन्यांत कळतो. मानेला जास्त वेळ लागतो, कित्येक महिने, आणि तिचा रंग एकसारखा उतरत नाही. आधी मखमलीपणा जातो, हाताला त्वचा गुळगुळीत लागू लागते, काळेपणा मागाहून फिका होतो. त्वचारोगतज्ज्ञ युरिया किंवा रेटिनॉइड असलेलं क्रीम देतात, त्यानं जाडी कमी व्हायला मदत होते. शेजारणीनं सुचवलेलं, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळालेलं 'गोरं करणारं' मलम मात्र मानेला लावू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस मान उजळते, मग तिथली त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवलं की आग होते. आतलं इन्सुलिन तोवर होतं तेवढंच असतं.